कुसुमकाकू लाईनमध्ये आल्या

आमच्या रेल्वेविरोधी कृती समितीचा मी सचिव. म्हणजे अक्षर बरं असलेला रिटायर्ड मास्तर! समितीची फाईल दोन बोटं जाड झाली, पण किस्से साठले ते त्याच्या तिप्पट. अर्जाला निदान पोच तरी मिळते, किस्से आपले नुसतेच साठत जातात.

आता रेल्वे येणार हे आम्हाला कळलं कसं? सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर, कुसुमकाकूंच्या कांद्यात एक माणूस तिपाईवर यंत्र लावून उभा! काकूंना वाटलं, फोटोवाला. घरात जाऊन नवं लुगडं नेसून आल्या, पदर सारखा करून विहिरीपाशी उभ्या राहिल्या.

तो ओरडला, "आजी, बाजूला व्हा, लाईनमध्ये येताय!"

"कसली लाईन रं बाबा?"

"रेल्वेची."

गावाला मिळालेली अधिकृत माहिती ती एवढीच.

मग आम्ही नकाशा मिळवला. कुठून, ते विचारू नका. लाल रेघ काकूंच्या घरातून आणि विहिरीतून आरपार, आणि जमिनीपुढे शेरा 'पडीक'! मी म्हटलं, "ऐन उन्हाळ्यात वरून फोटो घेतला असेल."

काकू म्हणाल्या, "उन्हाळ्यात मी पन पडीकच दिसते, मास्तर. म्हनून काय माझ्यावरून गाडी न्यायची?"

हसलो खरा, पण वाईट वाटलं. ती विहीर काकूंनी नवऱ्याच्या बरोबरीनं स्वतः खणलेली.

समितीच्या पहिल्याच बैठकीत एक जण तावातावानं उठला, "आपन रेल रोको करू!"

टेम्पोवाले सलीमभाई शांतपणे म्हणाले, "करू की. पन त्याच्यासाठी आधी रेल्वे आनावी लागंल!"

बैठक तिथंच संपली.

पलीकडच्या गावाकडे पाठिंबा मागायला गेलो. सरपंच म्हणाले, "आमचा पूर्न पाठिंबा हाय."

"आंदोलनाला?"

"न्हाई, रेल्वेला! तुमच्याकडून जातीय म्हनल्यावर आमाला काय अडचन?"

चहा मात्र चांगला होता.

अखेर लोकांच्या हरकती ऐकायला नगरच्या ऑफिसात सुनावणी लागली. काकू सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. साहेब तसे सज्जन. म्हणाले, "आजी, तुमचं जेवणानंतर घेऊ का?"

काकूंनी हात जोडले, "हरकत न्हाई, सायेब."

शेजारच्या कारकुनानं मान खाली घालून काहीतरी लिहिलं. जेवणानंतर साहेबांना मीटिंग निघाली आणि काकूंचा नंबर काही लागला नाही. महिन्यानं सुनावणीच्या कागदाची प्रत आली. काकूंच्या गट नंबरापुढे दोनच शब्द : 'हरकत नाही.'

आम्ही तसेच नगरला गेलो. साहेबांनी कागद पाहून कपाळाला हात लावला. म्हणाले, "चूक झालीय खरी. दुरुस्तीचा अर्ज द्या, आजी. माझी काही हरकत नाही."

काकू खुर्चीतून हलल्या नाहीत.

"सायेब, तेवढं लिहून द्या!"