अण्णांनी दिलेली बाटली

आमच्या पहिल्या लांबच्या बाइक ट्रिपला दोन वर्षं झाली, तरी तेलगावात शफीकच्या गॅरेजवर चहा आला की एखादा नवा किस्सा निघतोच. आम्ही तिघंच गेलो होतो, आणि सगळीकडं सोबतच होतो. तरी निम्मे किस्से मी पहिल्यांदा या गॅरेजवरच ऐकले!

तिघं म्हणजे गॅरेजवाला शफीक, साखर कारखान्यात फिटर असलेला दत्तू आणि मेडिकल चालवणारा मी. त्याआधी बाइकवरची आमची सगळ्यात लांबची झेप म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला नारायणगड.

*

एक बाइक शफीकची, दुसरी दत्तूची, नवीकोरी. पण तिची चावी त्याच्या वडिलांच्या, अण्णांच्या खिशात.

"समुद्रात काय हाय? पाणीच ना? मग माजलगावचं धरण कावून बघंना?" अण्णा म्हणाले.

आमच्याकडं माणूस लांब जातो ते दोनच कामांना. ऊसतोडीला, नाहीतर देवाला. दत्तूनं देव पकडला. "कोकणात एक देव हाय अण्णा. लई जागृत!"

अण्णांनी चावी दिली आणि सोबत एक रिकामी बाटली. "तीर्थ आण. न्हाई आणलं, तर परत ह्या चावीला हात लावायचा न्हाई."

*

देवाला चाललो म्हटल्यावर गल्लीनं नारळ फोडला, तिघांना कपाळभर गुलाल लावला. वर हेल्मेट, आत घाम! बार्शीजवळ चहाला थांबलो तेव्हा आमची तोंडं कानापर्यंत गुलाबी झाली होती.

हॉटेलवाला लगबगीनं बाहेर आला. "कोण आलं निवडून?"

दत्तूनं हात जोडले. "तुमच्या आशीर्वादानं, मीच!"

चहासोबत पेढे आले. शफीक लगेच कार्यकर्ता झाला. "चला साहेब, सभेला उशीर होतोय," म्हणत त्यानं चार पेढे खाल्ले.

*

सांगलीच्या पुढं उसाची रानं लागली आणि दत्तूनं ब्रेक मारला. लहानपणी तो आईवडिलांसोबत ऊसतोडीला इकडंच यायचा. "हितं आमची झोपडी हुती बे. मी तवा चौथीला." असं म्हणत तो एकेक ऊस हातानं दाबून बघायला लागला.

बांधावरून रानाचा मालक आला. "मुकादम काय? ऊसतोडीची टोळी कधी येणार?"

"दिवाळी झाली की!" दत्तूनं सवयीनं सांगून टाकलं.

निघताना मात्र तो म्हणाला, "अण्णा वीस वर्षं हितं आलते. एक घाट उतरला की समुद्र. एकदाबी गेले न्हाईत." मला फार वाईट वाटलं.

*

समुद्रावर बाइक कुठं लावायची हे शफीकनं ठरवलं. मेकॅनिक तो! "ओल्या वाळूवर लाव. घट्ट असती, चाक रुतत न्हाई." आम्ही भजी खाऊन वळलो, तर दत्तूची बाइक अर्धी पाण्यात!

"आता मला काय ठावं? धरणाचं पाणी कवा चालत आलंय का बे?" उलट शफीकच आमच्यावर डाफरला.

दुसरा अख्खा दिवस ती खोलण्यात गेला. घाट चढून वर आल्यावर दत्तू ओरडला, "देऊळ राहिलं!" आणि बाटलीत तर त्यानं आईला दाखवायला समुद्राचं पाणी भरलेलं. वाटेत कुठंतरी बदलू, बदलू म्हणत तेलगाव आलं.

*

ओसरीवर अण्णा अख्खी गल्ली जमवून बसले होते. आम्ही हेल्मेट काढायच्या आत त्यांनी बाटली घेतली आणि ते स्वतः पळीनं एकेकाच्या हातावर तीर्थ द्यायला लागले.

एकेक तोंड वाकडं व्हायला लागलं. पण तीर्थाला नावं कोण ठेवणार? शेजारच्या काकूंनी डोळे घट्ट मिटून गिळलं आणि म्हणाल्या, "लई कडक देव हाय!"

दत्तूनं चावी खिशातून काढून हातात धरली होती. द्यावीच लागणार होती.

शेवटी अण्णांनी स्वतः घेतलं. बराच वेळ तोंडात धरलं, मग गिळलं. पुन्हा एक पळी हातावर ओतून घेतली, तीही प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"चावी ठेव तुझ्यापाशीच," ते दत्तूला म्हणाले. "आन् पुढच्या साली ह्या देवाला मला मागं बसवून ने."