साहेबांना दिलेलं उत्तर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, पण कीव करायची नाही — मला ती खपत नाही.

कन्हान नदीकाठच्या एका छोट्या ठाण्यात मी हवालदार होतो. आमचे ठाणेदार वानखेडे साहेब रेतीचोरांच्या हात धुऊन मागे लागलेले. धाडीला निघताना सगळ्यांचे मोबाईल टेबलावर जमा करून घ्यायचे — बातमी फुटू नये म्हणून. माझा तेवढा घेत नसत. आपला माणूस, म्हणायचे.

आणि नदीच्या ज्या घाटावरून रेती चोरली जायची, तिथेच माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर चालायचा.

पुढचं कळलं ना? नसेल, तर स्पष्टच सांगतो. धाडीच्या त्या सकाळी मी ठाण्यामागे जाऊन त्याला फोन लावला. "सारे निघा तिथून, आमी येऊन राहिलो." बस, एवढंच. घाट रिकामा सापडेल, साहेब चरफडत परत फिरतील — मला वाटलं होतं ते इतकंच. पण साहेबांनी ऐनवेळी बेत बदलला. घाटावर न जाता, घाटाकडून वर येणाऱ्या अरुंद पांदणीत, त्या गाडीवाटेवर, ते आडवे उभे राहिले. ट्रॅक्टर सुसाट पळत आले. पहिल्यानेच त्यांना चिरडलं. तो माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा नव्हता — म्हणून काय झालं? पळायला मीच लावलं होतं.

बहिणीचा संसार होता, असे फोन सगळेच करायचे — ही कारणं मला तोंडपाठ आहेत. ती मी पुढे करणार नाही. हे पाप माझं एकट्याचं आहे, त्यात मला वाटेकरी नकोत.

पण एवढ्यावर भागलं असतं तर — नाही, सांगतोच. तेराव्याला वहिनींनी, साहेबांच्या बायकोने, मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, शेवटी काई बोलले का जी थे?" मी म्हणालो, "पोरीले खूप शिकवजो, म्हणे." त्या एका वाक्यावर त्या बाईने पोरीला वाढवलं. पोरगी आता फौजदार झाली. परवा प्रताप नगरला माझ्या घरी आली, वर्दीतच माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले? नाही घेतले.

साहेब पोरीबद्दल काहीच बोलले नव्हते. पांदणीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वास तुटत होता, तरी विचारत होते —

"कोनं सांगतलं असन गा?"

"मालूम नाही, साहेब," मी म्हणालो.

आणि त्यांना ते खरं वाटलं.