काळजाभोवतीचं पाणी

मेडिकलच्या दिवशी सकाळी मी सात केळी खाल्ली आणि तांब्यावर तांब्या पाणी प्यायले. हसू नका. पिंपरीतल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला असलेल्या आम्हा सगळ्या बायकांनी हेच केलं होतं. टेंपररी बाईला काही महिने झाले की ब्रेक मिळायचा. मग घरी बसा आणि पुन्हा बोलावणं येतंय का म्हणून पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावा. पाच वर्षं हे सोसल्यावर पर्मनंटच्या यादीत नाव लागलं, तर माझं मेलीचं वजन भरेना! जुन्या बायका म्हणाल्या, "केळी खा, पोटाला तडस लागेपर्यंत पाणी पी आणि तशीच काट्यावर उभी राहा." एकीनं दुसरीला सांगावं, दुसरीनं तिसरीला, अशी ती आमची रीतच होती.

पाणी ओतून दिलं आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. ते भोसरीला एका कारखान्यात हॅमरवर, तापलं लोखंड ठोकायच्या घणावर होते. मावळातला गडी, शब्द विकत आणल्यासारखा बोलायचा. "आजून एक," एवढंच म्हणायचे आणि तांब्या पुढं करायचे.

वजन भरलं. घोटाळा निघाला तो छातीच्या फोटोत. कंपनीचे डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, "हृदयाची सावली जरा मोठी वाटते. भोवती पाणी असू शकतं. पुण्यात नवीन मशीन आलंय, तिथून तपासून चिठ्ठी आणा. त्याशिवाय मी फिट लिहिणार नाही."

पाणी! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पण तोंड उघडायची सोय नव्हती. खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेलीच असती, वर बाहेर बाकावर पोट धरून बसलेल्या चौघीजणींचीही गेली असती. गुपचूप घरी आले आणि मालकांना सांगितलं.

"मीच पाजलं," ते म्हणाले. "पोटात मावलं न्हाई, वर चढलं."

आणि मला ते पटलं! चांगली सातवी पास बाई मी, पण भीतीपुढं शाळा कुठली टिकते? त्या दिवसापासून मी पाणी तोडलं. ऐन उन्हाळा, कासारवाडीची आमची पत्र्याची खोली, आणि तहान अगदीच अनावर झाली की मोजून चार घोट. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटायला लागली. मालक तर माझ्यादेखत पाण्याला हात लावीनात, चोरासारखे बाहेर नळावर जाऊन पिऊन यायचे. मी वैतागून म्हणायची, "अहो, इथंच प्या की! माझ्या सुतकात आत्तापासूनच बसताय का?"

आठ दिवसांनी आम्ही पुण्याला गेलो. खोलीत अंधार केलेला, मालक भिंतीशी उभे. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या छातीवर गार, चिकट काहीतरी लावलं आणि साबणाच्या वडीएवढी एक वस्तू दाबून धरली. आवाजाच्या लाटांनी आतलं दिसतं म्हणाले. लहानशा पडद्यावर नुसतं राखाडी धुकं हलत होतं. मग त्या धुक्यातून ते दिसलं.

अगं बाई! माझं काळीज! आत चिमुकल्या झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. कुठं घाई नाही, कुठं चूक नाही. आमच्या पॅकिंगच्या पट्ट्यावर दर तासाला काहीतरी अडायचं, आणि हे मी जन्मायच्या आधीपासून कामाला लागलेलं. ना सुट्टी, ना शिफ्ट, ना ब्रेक. मी कधी त्याची साधी विचारपूससुद्धा केली नव्हती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. भीती कुठल्या कुठं गेली होती, नुसतं बघत राहावंसं वाटत होतं.

"ही काळी रेघ दिसते का?" डॉक्टर म्हणाले. "हे ते पाणी."

काळजाच्या कडेनं काजळाच्या बोटानं ओढावी तशी बारीक रेघ होती. मला राहवेना. केळी, तांब्या, काटा, सगळं ओकून टाकलं.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, प्यायलेलं पाणी तिथं जात नसतं! थोडं पाणी प्रत्येकाच्याच हृदयाभोवती असतं. म्हणून तर ते न घासता हलतं. तुमचं किंचित जास्त आहे, इतकंच. दुसऱ्याच कशासाठी तपासायला आलेल्या धडधाकट माणसांतही असं दिसतं. हृदय तुमचं झकास आहे. आधी पाणी प्या!" त्यांनी स्वतः पेला भरून दिला, काम करायला हरकत नाही अशी चिठ्ठी लिहिली, आणि केळ्यांबद्दल एक अक्षरही त्यात घातलं नाही. त्याच चिठ्ठीवर मी पर्मनंट झाले.

पण त्या दिवशी चिठ्ठी हातात आली तरी मालक जागचे हलेनात. "डॉक्टर, खरं सांगा. माझ्यामुळं झालं आसंल तर सांगा."

"शर्ट काढा आणि झोपा इथं," डॉक्टर म्हणाले.

दिवसभर घणाचे हादरे झेलणारी ती छाती, तिच्या आतसुद्धा तसलीच बारीक रेघ निघाली. "बघा, तुमच्याकडंही आहे," डॉक्टर हसले. मग पडद्याकडं बघता बघता त्यांचं हसू थांबलं. "पण तुमचं हृदय एवढं का धावतंय? काही त्रास होतो?"

मालक छताकडं बघत म्हणाले, "आठ दिस झालं, आसंच हाय. हिचं बरं हाय म्हणलात न्हवं? मग व्हईल हळू."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. या माणसानं कधी मला जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं, आणि मी नशिबाला बोल लावत होते की दगडाशी गाठ पडली. मी लाज सोडून, डॉक्टरांच्या देखत, त्यांचा हात धरला. म्हटलं, "मी बरी आहे हो."

आणि पडद्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, ते हळू होत गेलं.