कटरेसाहेब तेव्हा गप्प का होते

कटरेसाहेब गेल्याचं त्यांच्या धाकट्या भावाचं पत्र सालेकशाहून आलं, तेव्हा मी उड्डाणाच्या तयारीत होतो. पत्र खिशात घातलं आणि आज मला जमणार नाही, असं वरिष्ठांना सांगून आलो. त्याला आता पाच आठवडे झाले...

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत हवाई दलाच्या आमच्या तळावर आमच्या भागातले आम्ही दोघेच. साहेब सालेकशाच्या भातशेती करणाऱ्या घरातले, माझे प्रशिक्षक. मी देवरीचा, नवाकोरा पायलट ऑफिसर. खाली हिंदी-इंग्रजी चालायचं, विमानात दोघंच असलो की आमची बोली. "आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन," हे ते रोज घोकून घेत. जमीन आधी पाहिली की माणसाला खाली हवं तेच गाव दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

एका सकाळी नागपूरहून सालेकशापर्यंत जाऊन परतायचं होतं. वाट शोधण्याची ती माझी परीक्षाच. परतीचं वळण घेतलं आणि खाली ढग दाटले. बऱ्याच वेळानं फट सापडली, तर जंगल आणि एक तलाव. मी ओरडलो, "बोदलकसा!" मागच्या आसनावरून उत्तर नाही. घड्याळ पाहिलं, वेळ जुळत नव्हती. आमच्याकडे तलाव काय थोडे आहेत? पेट्रोलचा काटा उतरत चालला होता.

"सर, कुठी आहो आपण?"

"तूच सांग."

मग पुन्हा शांतता. शेवटी ठरवलं, आमची वाट रुळांच्या दक्षिणेची, तेव्हा कुठंही असलो तरी नागपूरची रेल्वे उत्तरेलाच असणार. उत्तर धरली. अकरा मिनिटं खाली नुसतं पांढरं. मग आगगाडीच्या इंजिनाचा धूर दिसला, त्याखाली रूळ. रूळ धरून नागपूरला उतरलो तेव्हा टाकीत जेमतेम तळ झाकण्याइतकं पेट्रोल होतं.

ती शांतता म्हणजे माझ्यावरचा विश्वास, असं मी कितीतरी वर्षं मानत आलो. प्रशिक्षक झाल्यावर मीही तसाच गप्प बसू लागलो.

काविळीनं खंगलेल्या साहेबांना भेटायला सालेकशाला गेलो, तेव्हा ते एकदम म्हणाले, "त्या दिवशी मले बी ठाव नव्हतं, आपण कुठी होतो तं."

"मंग सांगतलं काऊन नाही तुमी?"

"लाज वाटली. मास्तरच हरवला म्हणून कसा सांगू? तू उत्तरेले वळला, तवा जीवात जीव आला माह्या... तू असा नोको करू."

मला राग आला. दोघांचाही जीव गेला असता! जेवायलाही न थांबता निघालो. ती शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात एका नव्या अधिकाऱ्याला घेऊन ढगांवर होतो. त्यानं चाचरत विचारलं, "सर, आपण कुठे आहोत?" मी ढगांच्या फटीतून खाली पाहिलं. काहीच ओळखीचं नव्हतं.

"मलाही कळत नाहीये," मी म्हणालो. "घड्याळात किती वाजले, सांग."