न मोजलेली विहीर

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी जयपूरला भूजलाच्या सर्वेक्षणात नोकरीला होतो. आदर्श नगरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून सकाळी जीपने बस्सीकडे निघायचे आणि दिवसभर विहिरी मोजायच्या. त्या दिवसांची आठवण झाली की आजही मला माझीच किळस येते.

काम तसे सोपे. पोलादी टेपच्या टोकाला खडू चोळून ती विहिरीत सोडायची. खडू कुठवर भिजला त्यावरून पाणी किती खोल आहे ते कळते. मग नकाशावर सारख्या पातळीच्या जागा रेषेने जोडायच्या. जमिनीखालीही पाणी उंच पातळीकडून सखल पातळीकडेच जाते, म्हणून रेषा ओलांडणारे बाण काढायचे. न दिसणाऱ्या पाण्याचे हे चित्र. आमच्या साहेबांना सगळे बाण एका दिशेला तोंड करून उभे असले की चित्र आवडायचे.

एका गावाच्या कडेला चामडे कमावणाऱ्यांची वस्ती होती. कातडी भिजवायची कुंडे, चुना, सालींचे लाल पाणी आणि त्यांची एकच जुनी विहीर. तिच्या पाण्याला वास येऊ लागला म्हणून सरकार त्यांना नवी विहीर देणार होते, आणि ती कुठे खणायची हे आमच्या बाणांवर ठरणार होते. मी टेप घेऊन तिकडे वळलो तर गावचा पटेल आडवा आला. हात जोडूनच म्हणाला, टेप तिथे बुडवलीत तर मग आमच्या विहिरींत ती घालू देणार नाही. गावातल्या विहिरी मोजायच्या राहिल्या होत्या. बरे, ती शेवटी मोजू, म्हणालो. गावातल्या झाल्या तेव्हा दुपार टळली होती, भूक लागली होती. जीपमध्ये बसलो आणि निघून आलो. कॉलेजात जातिभेदावर भाषणे ठोकून बक्षिसे मिळवलेला मी. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

ऑफिसात त्या विहिरीपुढचा रकाना रिकामाच ठेवावा, असे काही मला वाटले नाही. आजूबाजूच्या विहिरींवरून अंदाज बांधून मी तिथे आकडा भरला, मोजल्यासारखा. रेषा सुरेख आल्या. बाण सगळे नैर्ऋत्येला. साहेबांनी पाठ थोपटली, आणि कुंडांच्या ईशान्येला, म्हणजे वरच्या अंगाला, नव्या विहिरीची जागा ठरली.

पुढच्या वर्षी वस्तीची तक्रार आली आणि मलाच पाठवले गेले. नव्या विहिरीच्या काठावर उभा राहिलो. कुजक्या कातड्याचा वास थेट पाण्यातून येत होता. कुंडांतले पाणी वर्षानुवर्षे मुरून वस्तीखालची पातळी वर चढलेली असणार. तिथून ते चहूकडे पसरणार, ईशान्येलाही. जुन्या विहिरीत एकदा टेप सोडली असती तर हे दिसले असते. ती कुठे आहे असे वस्तीत विचारले, तर नव्या विहिरीतून निघालेल्या मातीनेच तिला बुजवले होते. सरकारी माणसे नवे पाणी चांगले म्हणाली, मग लेकरे पडायला उघडी कशाला ठेवायची, असे वस्तीतले लोक म्हणाले. माझा आकडा खोटा पाडणारे आता काही उरले नव्हते. हे ऐकून मला बरे वाटले. त्याची शिसारी अजून जात नाही.

पाणी भरायला आलेल्या एका बाईने लोटा माझ्यापुढे धरला.

"साब, आप पीकर बताओ, बास आवै है कि नहीं."

वास येतो की नाही ते बघायला नमुना तपासणीला पाठवू, असे मी म्हणालो. तिने थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग लोटा स्वतःच्या तोंडाला लावला, पाणी पिऊन संपवले आणि घागर उचलून गेली.

अहवालात मी लिहिले : वासाचे कारण अनिश्चित. विहिरीचा वापर चालू ठेवण्यास हरकत नाही.