मीठ पाहणारी बाई

मी चटोर बाई आहे. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही अन् पोटाला बूड नाही. पंचवीस वर्षं सरकारी नोकरीत फायली हलवल्या, त्यात काही दिवे लावले असं नाही. पण कुणाच्या डब्यातल्या भाजीत काय कमी पडलंय हे सांगण्यात वर्ध्याच्या आमच्या अख्ख्या ऑफिसात माझा हात कुणी धरला नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं एकत्र बसायचो. एक आंजी गावचे भाऊ, वयानं मोठे, घरी भाजीपाल्याची शेती. दुसरी माझी मैत्रीण, माहेर तळेगावचं, घर सिंदी मेघेला. अन् तिसरी मी. टेबलावर पेपर पसरायचा, तिन्ही डबे मधोमध ठेवायचे, तुझं-माझं काही नाही. भाऊ शेतातून मुळा, कांद्याची पात, सांबाराची जुडी आणत. सांबार म्हणजे कोथिंबीर हो, पुण्याकडच्यांनी लगेच इडली शोधू नये.

पहिला घास माझा, हा नियम कधी पडला ते आठवत नाही. मैत्रिणीच्या हाताला चव होती, पण नाकावर राग. मी म्हटलं, “तेल जास्त झालं,” की ती उसळायची, “मंग तूच करून आणत जाय ना वं! दुसऱ्याच्या डब्यात नाक खुपसून राह्यली!” अन् दुसऱ्या दिवशी डबा उघडला की सगळ्यात आधी माझ्याकडेच सरकवायची. डोळे माझ्या तोंडावर. मी मान हलवली की मग स्वतः जेवायला लागायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या दिवाळीनंतर मला ताप आला. साधाच होता. आठ दिवसांत उतरला, पण जाताना चव अन् वास दोन्ही घेऊन गेला. पाटवडीचा रस्सा तोंडात घातला तर नुसतं कोमट पाणी. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधी ते सांगता येत नाही. घरी नवऱ्याला सांगितलं. बाहेर कुणालाच नाही.

का नाही सांगितलं? भीती वाटली. त्या दोघांच्यात माझी जागा जिभेवर होती. भाऊ भाजी पिकवायचे, मैत्रीण रांधायची, अन् मी चाखायची. चाखताच येत नसेल तर मी तिथं बसून करू काय? म्हणून सोंग घेतलं. पहिला घास घेण्याआधी उगाच डबा उघडत बसायची, पाणी प्यायची, तोवर भाऊ एखादा तुकडा तोंडात टाकायचे. भाऊंना ठसका लागला की मी म्हणायची, तिखट झालंय. नाही लागला तर म्हणायची, वा, छान. एक दिवस मैत्रीण माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “आजकाल फारच गोड बोलून राह्यली तू. तब्येत बरी हाय ना?” मी हसण्यावारी नेलं.

असे दोन महिने निभले. मग पौषातल्या एका रविवारी भाऊंनी वावरात नैवेद्याचे रोडगे ठेवले. जाड्या कणकेचे मोठाले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, त्यात तूप ओतायचं, सोबत वरण अन् वांग्याची भाजी. भाऊ म्हणाले, “जोडीनं येजा.” मैत्रीण म्हणाली, “नैवेद्याचं तुमचं तुमी पाहा भाऊ, मी तं वांग्यापायी येऊन राह्यली.” अन् आली ती सगळ्यांच्या आधी. पदर खोचून सरळ भाजीच्या गंजापाशी, म्हणजे पातेल्यापाशी.

आता नैवेद्याचं एक असतं, देवाला दाखवेपर्यंत चाखायचं नाही. सगळं अंदाजानं. भाऊंनी भाजीत मीठ टाकलं अन् ते निखारे बघायला गेले. मैत्रिणीनं गंजाशेजारी मिठाची पुडी फोडलेली पाहिली, तिला वाटलं टाकायचं राहिलंय, तिनं दोन मुठी टाकल्या. कुणी कुणाला विचारलं नाही, अन् चाखायची तर सोयच नाही. हे मला मागाहून कळलं.

नैवेद्य झाला. भाऊ पळसाच्या पानावर चमचाभर भाजी घेऊन माझ्याकडे आले. “बाई, मीठ पाहून सांगा. मंग पंगत बसवतो.”

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. अजून कुणी घासच घेतला नव्हता, मग कुणाच्या तोंडाकडे पाहून सांगणार? मी भाजी जिभेवर ठेवली, डोळे मिटले अन् ठोकून दिलं, “वा भाऊ! एकदम जमली. वाढा!”

चाळीस माणसांची पंगत. पहिला घास गेला. मग एकानं पाणी मागितलं, मग दुसऱ्यानं. भाऊंचे काका म्हणाले, “यंदा मिठाचं पीक जोरात हाय वाटते.” भाऊंनी एक घास घेतला, थांबले, माझ्याकडे बघितलं. गंज उचलला, अळणी वरण होतं ते सगळं त्यात ओतलं अन् ओरडले, “आज भाजी-वरण एकातच हाय बाप्पा, घ्या!”

मैत्रीण मात्र तणतणत आली. मला दंडाला धरून विहिरीकडे नेलं. “मुद्दाम केलं ना तू? चार लोकांत माही फजिती कराले? तोंडावर सांगतलं असतं तं मी काय खाल्लं असतं तुले?”

तिचे डोळे भरले होते. तेव्हा माझंही अवसान गळालं. “मले काहीच लागत नाई वं,” मी म्हटलं. “ना मीठ, ना तिखट. दोन महिने झाले.” अन् रडायलाच लागले, भर वावरात, लहान पोरीसारखी.

ती मटकन खाली बसली. “काऊन सांगतलं नाई?”

“सांगतलं असतं तं मंग मले कायले बोलावलं असतं तुम्ही?”

“आता एक ठेवून देईन!” ती म्हणाली. “तुह्या जिभेले बोलावतो का आम्ही? तुले बोलावतो, येडे!”

मागून भाऊ रोडगा घेऊन आले होते. किती ऐकलं कोण जाणे. म्हणाले, “गरम हाय हे तं समजते ना बाई? मंग खा ऊन ऊन.” मी खाल्ला. वरचं कवच कुरकुरत होतं, आतून वाफ येत होती, बोटांवरून तूप ओघळत होतं. चव नव्हती, पण त्या दिवशी मी पोटभर जेवले.

सोमवारपासून नवीन प्रकार सुरू झाला. मी घास घ्यायचा अन् त्यांनी चव सांगायची. मैत्रीण रंगात येऊन सांगायची, “पहिले लसूण येते, मंग चिंच, अन् शेवटी शेंगदाण्याचा कूट.” भाऊ सांगायचे, “तिखट हाय. चांगलं हाय.” ती त्यांच्यावर खेकसायची, “हे काय सांगणं झालं भाऊ?” मग बिचारे डोळे मिटून विचार करायचे. “तिखट म्हंजे... कानामागं ऊन लागल्यावानी.” मी सांगतील तसं चावायची. मला खरंच वाटायचं, लागतंय काहीतरी. माणसं किती जीव लावतात! माझे तर त्यांच्यावर काडीचे उपकार नव्हते, नावं ठेवण्यापलीकडे मी काय दिलं होतं त्यांना?

वैशाखात बुद्धपौर्णिमेला तिनं भाऊंना अन् मला घरी बोलावलं. वंदना झाली, बैठकीत कूलर घरघरत होता, वीसेक पाहुणे दाटीवाटीनं बसलेले. ती खीर वाढत होती अन् जो तो म्हणत होता, वा, काय खीर झाली! मीही सवयीनं चमचा तोंडात घातला. गार, दाट, बाकी काही नाही. अन् मग घशाजवळ, जिभेच्या अगदी मागं, काहीतरी आलं. मी आणखी एक चमचा घेतला. पुन्हा आलं.

“अवं,” मी बोलून गेले, “खीर बुडाले लागली का?”

पाहुण्यांचे चमचे वाटीतच थांबले, तिच्या सासूबाईंनी मान खाली घातली. सगळ्यांना कळलं होतं अन् सगळे मुकाट खात होते. भाऊ खाकरले. “लागली हाय बाई. मी गप होतो.”

ती हातातला डाव घेऊन तशीच उभी. “काय म्हणली तू?”

“करपली. करपट लागून राह्यली.”

“लागली!” ती ओरडली. डावासकट येऊन मला मिठी मारली, खीर माझ्या पाठीवर सांडली. “अवं आई, लागली!”

सासूबाई चिडून म्हणाल्या, “खीर जाळली अन् नाचून काय राह्यली?”

“खीर नाई वो, तिले! तिले लागली!” ती हसत होती अन् रडत होती.

मी वाटी पुढं केली. म्हटलं, “अजून वाढ. बुडाची.”