फोनवर सांगितलेली चित्रं

आमच्या पट्ट्यात माणसाबद्दल पहिला प्रश्न विचारतात तो, "पर्मनंट आहे का?" लग्न जमवताना, खोली भाड्यानं देताना, नव्या शेजाऱ्याची चौकशी करतानासुद्धा. माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात कित्येक वर्षं टेम्पररी होते. पर्मनंट झाले त्या दिवशी त्यांनी विहारात खीर वाटली. पुढे मी घरातली पहिली पदवीधर झाले, तेव्हाही खीर झाली, पण पातेलं जरा लहान होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पदवीनं काय मिळतं हे तोवर घरात कुणी पाहिलं नव्हतं. पर्मनंट झाल्यावर काय मिळतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्या पदवीच्या जोरावर आज मी तळवड्यात एका कंपनीची क्रिएटिव्ह टीम सांभाळते. ओळखीनं नाही, कुणाच्या चिठ्ठीनं नाही; हे मी मुद्दाम सांगते. चाकणच्या कारखान्यांसाठी आम्ही सुरक्षेची पोस्टर आणि कामगारांना शिकवायच्या पुस्तिका बनवतो. टीममधली निम्मी माणसं पगारावरची, ऑफिसात बसणारी. निम्मी फ्रीलान्सर, आपापल्या घरी. ऑफिसातली म्हणायची, "त्यांचं बरंय राव, अंघोळ न करता काम." घरची म्हणायची, "तुमचं बरंय, एसी फुकट." दोन्हीकडची गाऱ्हाणी माझ्याकडे यायची. गप्पा मात्र दोन्हीकडे माझ्याशिवाय चालायच्या. जेवणाच्या टेबलाशी मी गेले की हसणं थांबायचं, कुणीतरी उठून खुर्ची द्यायचं. असं उठून दिलेल्या खुर्चीत बसून डबा घशाखाली उतरत नाही. मग मी केबिनमध्येच खाऊ लागले.

आमचा चित्रकार मारुंजीत खोली घेऊन राहायचा. मूळचा लातूरकडचा, फ्रीलान्सर. कामगाराचं चित्र त्याच्यासारखं काढणारा मला दुसरा भेटला नाही. त्याच्या चित्रातला माणूस शिफ्ट संपायची वाट बघतोय हेही दिसायचं. अडचण एकच होती. कारखान्याच्या आत जायला पास लागतो आणि पास फक्त पगारावरच्या माणसाला मिळतो. मी फोटो काढून आणावेत, तर गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर चिकटवतात. म्हणून आत मी जायचे, मशीनसमोर उभी राहून डोळ्यांत साठवायचे, बाहेर येऊन गाडीत बसायचे आणि त्याला फोनवर सांगायचे. तो तिकडे काढत जायचा.

"ताई, माणूस सरळ उभा हाय का वाकलाय?"

"थोडा वाकलाय."

"थोडा म्हणजे कसा? शेजाऱ्याच्या घरात डोकावल्यागत, का चप्पल शोधल्यागत?"

"चप्पल शोधल्यासारखा."

"मग तसं सांगा की. आन् मागं दुसरा एक उभा हाय म्हणालात, त्याचे हात कुठं हायत?"

"खिशात."

"सुपरवायझर हाय मग त्यो."

चित्र पुरं झालं तरी फोन चालू राहायचा. तो विचारायचा, तुमचे वडील कामावरून आल्यावर आधी काय करायचे? मी सांगायचे, आधी हात धुवायचे, मग बराच वेळ त्या हातांकडे बघत बसायचे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीतलं लेक्चर कळत नसताना मी सगळ्यांच्या बरोबरीनं मान डोलवायचे, हे मी घरात कधी सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. चाकणच्या रस्त्याकडेला गाडी उभी असायची, शेजारून ट्रेलर गेले की काच थरथरायची, आणि मी बोलत असायचे. दिवसभरात माझं खरं बोलणं तेवढंच. उरलेलं सगळं सूचना.

मला वाटलं, हा माणूस ऑफिसात असायला हवा. चित्रकाराची एक पर्मनंट जागा मिळावी म्हणून मी साहेबांच्या मागे लागले. "बाहेरून होतंय की काम, मग कशाला?" असं त्यांनी दर मीटिंगला विचारलं. "जो काढतो त्यानं मशीन स्वतः बघितली पाहिजे," असं मी दर मीटिंगला सांगितलं. शेवटी जागा मंजूर झाली. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "पोराला म्हणावं, लगेच रुजू हो. असल्या गोष्टीला उशीर लावायचा नसतो." माझ्या केबिनच्या बाहेर खिडकीशी एक टेबल रिकामं होतं. ते मी आधीच पुसून घेतलं.

ऑफर लेटर आणि पेढे घेऊन मी स्वतः मारुंजीला गेले. त्यानं कागद नीट वाचला, परत घडी घातली आणि म्हणाला, "ताई, नको."

मला वाटलं त्याला पगार कमी वाटला. मी पीएफ सांगितला, मेडिकल सांगितलं. "उद्या स्थळ बघायला गेलास की पहिलं काय विचारतील?"

"विचारू द्या. माझं चालायलंय बरं."

"अरे, लोक आयुष्यभर वाट बघतात याची!"

"ठाऊक हाय. म्हणून तर तुम्ही एवढ्या लांबून आलाव." पेढ्यांच्या बॉक्सचा दोरा तो बोटाला गुंडाळत होता. "मला पास मिळणार ना मग?"

"मिळणार. त्याच्यासाठीच तर भांडले."

"म्हणजे मी आत जाऊन माझं मीच बघणार. मग तुम्ही मला कशाला सांगायलाव?"

मी हसले. "समोरच बसशील की. रोज बोलू."

"समोर बसतात त्यांच्याशी बोलता का तुम्ही?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ऑफिसातला एकेक चेहरा आठवून पाहिला आणि बॉक्स उघडून त्याच्यापुढे धरला. मग आम्ही एकेक पेढा खाल्ला. तो गाडीपर्यंत सोडायला आला, गाडी वळवताना मागे उभा राहून हात दाखवत राहिला.

परत येताना वाटलं, ठीक आहे, नको तर नको, निदान फोन तरी आहे. पण मंजूर झालेली जागा चित्रकाराची होती, या चित्रकाराची नव्हती. एचआरवाले म्हणाले, "मॅडम, चित्रकारानं आत गेलं पाहिजे, हे तुम्हीच म्हणालात. दुसरं कुणी बघा." शेवटी चिखलीची एक मुलगी घेतली. हुशार आहे, तिच्याही घरातली ती पहिली पदवीधर. रुजू झाली त्या दिवशी तिच्या आईनं मला फोन करून आशीर्वाद दिले. तिला पास मिळाला. ती आत जाते, बघते, येऊन काढते. तिच्या चित्रात बोल्टसुद्धा जागच्या जागी असतो. कारखानेवाले खूश आहेत. मला चाकणला जायचं कारण उरलं नाही.

त्याच्याकडे आता कधीमधी एखादं मुखपृष्ठ जातं, तेही ईमेलवर. एकदा मी फोन केला.

"बोला ताई. काही काम होतं का?"

"नाही, सहज."

"बरं बरं." आणि तो थांबला, मी काहीतरी सांगेन म्हणून. माझ्यापाशी सांगायला एकही मशीन नव्हती.

समोर बसणाऱ्यांशी बोलता का, हा त्याचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. एका दुपारी ऑफिसातली मंडळी चहाला खाली उतरली, तेव्हा मीही उतरले. मला बघून एकानं सिगारेट मागे लपवली, दुसऱ्यानं रुमालानं बाकडं पुसलं. "मॅडम, तुम्ही कशाला आलात? वर पाठवला असता की चहा." कुणीतरी ट्रॅफिकचा विषय काढला, सगळ्यांनी तो जपून पुढे नेला. मी लहानपणची एक गंमत सांगितली. ते हसले, जरा जास्तच हसले. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उतरले. टपरीवर आमच्यातलं कुणी नव्हतं.

"तुमची पोरं?" टपरीवाला म्हणाला. "आज पलीकडच्या चौकात गेलीत, मॅडम. रसवंतीजवळ."

मी अर्धा चहा घेतला, उभ्यानंच प्यायले आणि वर आले.